तुम्ही विचारलंत म्हणून: सर्वांत जास्त किट कोणत्या गाडीची निघतात?

गाड्यांची प्लास्टिक किट जोडण्याचा माझा छंद ज्यांना ठाऊक आहे, ते मला एक प्रश्न हमखास विचारतात आणि तो बहुधा जोडीनेच येतो: जगात सर्वांत जास्त किट कोणत्या गाडीची निघतात, आणि त्यांत आपली अँबेसेडर का नसते? माझी सगळी नोकरी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकच्या वस्तूंचे मोल्ड, म्हणजे पोलादी साचे, बनवणाऱ्या टूल रूममध्ये गेली. त्यामुळे या प्रश्नाकडे मी गाडीच्या शौकिनाच्या नजरेने कमी आणि मोल्डवाल्याच्या नजरेने अधिक पाहतो, आणि माझे उत्तर ऐकून विचारणाऱ्याची थोडी निराशा होते. कोणती गाडी देखणी, कोणती वेगवान किंवा कोणती जास्त खपली, यावरून किट ठरत नाही. एकदा कोरलेला मोल्ड ज्या गाडीच्या नावावर पुन्हा पुन्हा चालवता येतो, तिची किट वाढत जातात.

ज्यांनी असे किट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खोक्यात पॉलिस्टायरीनच्या चौकटी येतात आणि त्या चौकटींना गाडीचे शंभर-दीडशे सुटे भाग चिकटलेले असतात. ते कापून, घासून, रंगवून आणि चिकटवून एकास चोवीस किंवा एकास पंचवीस या प्रमाणातली गाडी उभी करायची. जपानी आणि युरोपीय कंपन्या बहुतेक एकास चोवीस धरतात आणि अमेरिकन एकास पंचवीस. बाकी भाग साध्या दोन तुकड्यांच्या मोल्डमध्ये निघतात, पण बॉडी निघत नाही. ती एकसंध असते आणि तिला चारही बाजूंनी दरवाज्यांच्या रेघा, दिव्यांच्या खोबणी, बंपरच्या खाचा असतात. म्हणून तिच्या मोल्डला बाजूंनी सरकणारे स्लाइडर लावावे लागतात. ते जिथे एकमेकांना भिडतात, तिथे बॉडीवर केसाएवढी पार्टिंग लाइन उमटते, आणि ती पॉलिश पेपरने घासून काढण्यात जोडणाऱ्याची पहिली संध्याकाळ जाते. बॉडी, चॅसिस, इंजिन, काचा, क्रोमचे भाग आणि रबराचे टायर असा पूर्ण संच कोरायचा तर खर्च सहज कोटीच्या घरात जाऊ शकतो. एक किट तीन-चार हजारांना विकून एवढा पैसा वसूल करायचा असेल, तर एकाच मोल्डमधून एकाहून अधिक गाड्या निघायलाच हव्यात.

आता नावे. मोजदाद कशी करता यावर क्रम बदलतो, पण पहिल्या पंगतीत बसणारी मंडळी तीच राहतात: पोर्शे ९११, फोक्सवॅगन बीटल, फोर्ड मस्टँग, शेव्हरोले कॉर्व्हेट, १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर, १९३२ सालची फोर्ड, मिनी, लॅम्बोर्गिनी काउंटाक, निसान स्कायलाइन आणि फेरारीच्या दोन-चार गाड्या. सैनिकी वाहनांच्या कपाटात बसवली जाणारी जीपही यात धरली, तर ती कोणालाही मागे टाकील, असे माझे मत आहे.

यांतली पोर्शे ९११ मोल्डवाल्याची सर्वांत लाडकी असणार. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली तेव्हा तिचे नाव ९०१ होते, पण मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितल्यामुळे ते ९११ झाले. तेव्हापासून तिची पाठ तशीच उतरती आहे आणि इंजिनही मागेच आहे, पण बंपर, मडगार्ड, मागचे पंख आणि चाके यांत मात्र बदलांना अंत नाही. जपानच्या फुजिमी कंपनीने कॅरेरा, टर्बो अशा आवृत्त्यांची एक मालिकाच काढली. ९११वरूनच बेतलेल्या शर्यतीच्या ९३४ आणि ९३५ या गाड्या तर स्टिकर बदलले की नव्याच वाटतात. किटच्या भाषेत या पाण्यात भिजवून चिकटवायच्या स्टिकरला डिकल म्हणतात, आणि एका डिकलशीटची छपाई नव्या मोल्डच्या मानाने फुकटात पडते. गाडी तीच, प्रायोजक वेगळा, खोके वेगळे, आणि घेणारा दोन्ही घेतो. मीही घेतलेली आहेत.

शिझुओकाच्या टामिया कंपनीची कथा यासंदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ही मूळची लाकूड कापणारी गिरणी, १९४६ साली सुरू झालेली. तिचे पहिले प्लास्टिक किट १९६० साली आले आणि ते यामातो या युद्धनौकेचे होते. १९७०च्या दशकात तिने एकास बारा प्रमाणातली पोर्शे ९३४ करायला घेतली, तेव्हा पुढे कंपनीचे प्रमुख झालेले शुनसाकु टामिया यांनी खरीखुरी ९११ विकत घेतली आणि मापे घेण्यासाठी ती सुटी केली. १९७६ साली ते किट बाजारात आले, आणि त्याच गाडीत मोटर बसवून कंपनीने रेडिओ कंट्रोलवर पळणारी आवृत्तीही विकायला काढली. चाहते या गोष्टीत ध्यासाचे कौतुक करतात. ते खरेच आहे, पण टूल रूममध्ये काम केलेल्या माणसाला त्यात आणखीही काही दिसते: एवढ्या महागड्या मोल्डला एकच काम देऊन ठेवणे परवडत नाही.

आपल्या जिल्ह्याचा संबंधही येथे येतो. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवर ऑक्टेव्हियाचे अप्रूप कधीच राहिले नाही. किटच्या जगात मात्र स्कोडा दिसते ती मुख्यतः बेल्जियमच्या बेल्किट्स कंपनीने काढलेल्या रॅलीच्या फाबियाच्या रूपात, दोन्ही बाजूंना प्रायोजकांची नावे मिरवत. घरासमोर उभी असलेली साधी सेडान रॅली खेळत नाही, म्हणून तिचे किट होत नाही.

अमेरिकेतले कारण निराळे आहे. तिथे किटचा उगम गाडीच्या दुकानात झाला. १९४८ साली स्थापन झालेली एएमटी ही कंपनी विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या तयार प्रतिकृती बनवीत असे. या प्रतिकृती काउंटरवर रंग दाखवायला ठेवायच्या आणि गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हातात द्यायच्या. गाडीचे आराखडे कारखान्याकडूनच मिळत आणि मोल्ड तयार असे. १९५८ साली एएमटीने तेच मोल्ड सुट्या भागांसह किट म्हणून विकायला सुरुवात केली, आणि एकाच खोक्यातून कारखान्यातली, सजवलेली किंवा शर्यतीची अशा तीन प्रकारे गाडी जोडता येईल अशी सोय ठेवली. पुढे प्रत्येक नव्या वर्षाच्या गाडीचे किट त्या वर्षीच येऊ लागले. १७ एप्रिल १९६४ रोजी मस्टँग बाजारात आली, त्यानंतर तिचे किटही फार मागे राहिले नाही.

या वार्षिक किटांचा एक परिणाम असा झाला, की त्या काळातल्या कित्येक गाड्या आज पुन्हा काढताच येत नाहीत. मोल्डमधले पोलाद कोरून काढले तर प्लास्टिकचा तो भाग वाढतो, म्हणजे गाडीवर एखादी पट्टी चढवणे सोपे असते. उलट गाडीवरचे काही काढायचे असेल, तर मोल्डमध्ये वेल्डिंग करून पोलाद भरावे लागते, मग पुन्हा विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर घ्यायचे आणि पुन्हा पॉलिश करायचे. नव्या वर्षाची जाळी आणि दिवे बसवण्यासाठी किट कंपन्यांनी जुना मोल्ड बदलला, तेव्हा आदल्या वर्षीची गाडी त्या पोलादातून कायमची गेली. म्हणून त्या वर्षांची न उघडलेली जुनी खोकी संग्राहकांत चढ्या भावाने विकली जातात. ज्या गाड्यांचे मोल्ड असे बदलले गेले नाहीत, त्या मात्र टिकल्या. रेव्हेल या कंपनीचा दरवाजे उघडणाऱ्या १९५७च्या शेव्हरोलेचा मोल्ड १९६०च्या दशकातला आहे, आणि त्यातून पुढेही अनेकदा खोकी निघाली. तिचे दरवाजे नीट बसवणे हा सहनशक्तीचा कस आहे, तरीही लोक घेतात.

१९३२च्या फोर्डचे गणित तर याहून सरळ आहे. स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन देण्याचा मान तिच्याकडे जातो. युद्धानंतर अमेरिकन पोरांनी ती जुन्या बाजारातून उचलली, मडगार्ड काढून टाकले आणि मोठे इंजिन टाकून पळवली. किटवाल्यांच्या दृष्टीने तिचे चॅसिस एकदा कोरले की त्यावर रोडस्टर, कूपे, सेडान अशा बॉड्या बदलत राहता येतात. रेव्हेलने तिची मालिका नेमकी अशीच काढली.

बीटलबद्दल लोकांचा समज असा, की एवढी खपली म्हणून तिची एवढी किट. २००३ साली मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे शेवटची जुनी बीटल बाहेर पडली, तेव्हा एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या वर गेला होता, हे खरे. पण खपावर किट ठरत असतील तर टोयोटा कोरोला पहिल्या क्रमांकावर हवी होती, कारण २०२१ पर्यंत ती ५ कोटींच्या वर विकली गेली. कोरोलांच्या त्या महापुरातून किटवाल्यांनी मनापासून उचलली ती १९८३ ते १९८७ मधली, मागच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी एई८६. उलट जेमतेम साडेतीनशे बनलेल्या टोयोटा २०००जीटीचे हासेगावा या जपानी कंपनीचे किट वर्षानुवर्षे हौसेने घेतले जाते. बीटल टिकली ती दुसऱ्या कारणांनी. टामिया, हासेगावा, रेव्हेल आणि एअरफिक्स या चौघांनीही तिला हात घातला, कारण तिचे मडगार्ड खऱ्या गाडीतही बोल्टने लावलेले असतात आणि त्यामुळे पार्टिंग लाइन लपवायला जागा आपोआप मिळते. शिवाय तिची घडण इतकी गोल आहे, की लहान प्रमाणातही ती लांबून ओळखू येते. या गोलाईचा आपल्याकडे एक तोटाही आहे: मे महिन्यात दुपारी रंगवायला बसलात, तर एअरब्रशमधून निघालेला रंग बॉडीवर पोहोचण्याआधीच सुकतो आणि त्या घुमटावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर बसतो. रंगकाम सकाळी आटपून घ्यावे.

काउंटाकबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ती मला जोडायला आवडत नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यात जपानी शाळकरी मुलांना अशा सुपरकारांचे वेड लागले आणि तिथल्या कंपन्यांनी त्याचा लाभ घेतला. ती मुले आता साठीला टेकली आहेत आणि लहानपणी परवडले नाही ते आता विकत घेत आहेत. किटच्या बाजाराचा खरा गिऱ्हाईक हाच.

अँबेसेडरचे उत्तर येथेच दडलेले आहे. मोल्डवाला म्हणून मला विचाराल, तर अँबेसेडर ही उत्तम निवड आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही गाडी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत राहिली आणि तिचा मूळ सांगाडा तोच राहिला. मार्क वनपासून मार्क फोरपर्यंतचे बदल प्रामुख्याने पुढची जाळी, दिवे आणि डॅशबोर्डचे, म्हणजे मोल्डमधले दोन-तीन इन्सर्ट, म्हणजे काढता-घालता येणारे तुकडे, बदलले की काम भागते. कोलकात्याची पिवळी टॅक्सी, जिल्हाधिकाऱ्यांची लाल दिव्याची पांढरी गाडी, पोलिसांची गाडी अशी डिकलशीट डोळ्यांसमोर उभी राहतात. अडचण गिऱ्हाइकाची आहे. जिल्हा परिषदेच्या आवारात अँबेसेडर पाहून मोठी झालेली माझ्या वयाची मराठवाड्यातली माणसे किट जोडून मोठी झालेली नाहीत. आयातीवर कडक निर्बंध होते, आणि आमच्या वाट्याला आली ती चावीची आणि मागे ओढून सोडायची खेळणी. ज्यांच्या मनात गाडी आहे त्यांच्या हाताला किटची सवय नाही, आणि ज्यांच्या हाताला सवय आहे त्यांच्या मनात ती गाडी नाही. एवढ्या बळावर कोटीचे पोलाद कोणी कोरणार नाही.

जीपचे तसे नाही. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. रणगाड्यांच्या देखाव्यात एक तरी जीप लागतेच, म्हणून एकास पस्तीस प्रमाणात टामिया, इटालेरी यांच्यासारख्या अनेक कंपन्यांनी ती काढली आहे. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर तिचीच जोडणी आपल्याकडे सुरू केली, त्यामुळे तिच्या आडव्या बोनेटची आणि उभ्या काचेची गाडी आपल्या तालुक्याच्या गावांना परकी नाही. पाहुण्यांतल्या जुन्या शेतकऱ्यांना माझ्या कपाटातली हीच गाडी पहिल्यांदा ओळखू येते, आणि ती युद्धातली आहे हे सांगितले तरी त्यांना पटत नाही.

आपल्याकडची गाडी हवीच असेल, तर मला जवळची वाट सुझुकी जिम्नीची दिसते. हासेगावाने तिच्या जेए११ या पिढीचे एकास चोवीस प्रमाणातले किट काढले आहे, आणि आपली मारुती जिप्सी तिच्याच घराण्यातली आहे. फरक लांबीचा आहे: जिम्नीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २०३० मिलिमीटर आणि जिप्सीचे २३७५. ही तफावत चोवीसने भागली की साधारण १४ मिलिमीटर उरतात. दरवाज्याच्या मागे बॉडी करवतीने कापायची, तेवढ्या रुंदीची स्टायरीनची पट्टी आत बसवायची, चॅसिसही त्याच जागी वाढवायचे आणि पुट्टीने सांधा बुजवायचा. जिप्सी थोडी रुंदही आहे, ती कसर मडगार्डवर पातळ पट्टी चढवून भरून काढता येते. पाठीमागच्या ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून अंथरला, की सुकल्यावर त्याला हव्या तशा सुरकुत्या पडतात.