सुट्या भागांसाठी आणलेलं मशीन

सुटे भाग काढायला म्हणून मागवलेलं मशीन चालू झालं आणि तिथेच घोळ झाला. बंद निघालं असतं तर दुपारपर्यंत गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपचं स्क्रीनचं पॅनेल बदलून, बिल करून मी मोकळा झालो असतो.

गिऱ्हाइकाचा लॅपटॉप म्हणजे २००६ सालचा थिंकपॅड टी६०, पंधरा इंची. जुन्या मशीनच्या नादी लागलेल्यांना एवढं पुरे. बाकीच्यांसाठी सांगतो: सात ओळींचा कीबोर्ड, ४:३ आकाराचा स्क्रीन, आणि त्यात १६००×१२०० ठिपक्यांचं आयपीएस पॅनेल, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारं. या मापाचं पॅनेल आता नवं मिळत नाही. मालक निवृत्त ड्राफ्ट्समन. अजून त्याच मशीनवर, त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रेखाटनं करतात. तक्रार एकच. चालू केलं की स्क्रीन लालसर दिसतो, आणि अर्धा तास झाला तरी उजेड येत नाही.

रोग उघड होता. तेव्हाच्या स्क्रीनमागे एलईडी नसायचे, दोन-अडीच मिलिमीटर जाडीची फ्लुरोसंट नळी असायची. हजारो तास जळून तिची टोकं काळवंडतात, आतला पारा हळूहळू कामातून जातो आणि उजेड आधी गुलाबी, मग मळकट होतो. नळी बदलता येते, पण त्यासाठी पॅनेलच सोडवावं लागतं. काचेच्या कडेला चिकटवलेल्या केसाएवढ्या तारांच्या पट्ट्या सांभाळायच्या, मागचे पांढरे पडदे धूळ न लागू देता उचलायचे. एक पट्टी सुटली की स्क्रीनवर कायमची उभी रेघ. नळीच्या जागी एलईडीची पट्टीही बसते. स्वस्तातली घेतली की पांढरा रंग निळा दिसतो, आणि रेखाटन करणाऱ्या माणसाला ते पहिल्या मिनिटात खटकतं. म्हणून मी आधी वापरलेलं पण कमी तास चाललेलं अख्खं पॅनेल शोधतो.

या धंद्यात स्क्रू फिरवायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ शोधण्यात जातो. पहिलं पॅनेल आलं ते खोका उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखं आंबट वासाचं. वास आला की पुढे बघायचंच नाही. काचेवरच्या पोलरायझरमध्ये, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या थरात, सेल्युलोज ट्रायअॅसिटेटची फिल्म असते. उष्णता आणि दमट हवा मिळाली की ती फुटून अॅसिटिक आम्ल सुटतं, आणि सुटलेलं आम्ल उरलेली फिल्म आणखी भराभर खातं. जुन्या सिनेमांची रिळं सांभाळणाऱ्यांना हा रोग चांगला ठाऊक आहे. दुसरं पॅनेल आमच्यापेक्षा पिवळं होतं. विकणाऱ्याने त्याला 'टेस्टेड, वर्किंग' म्हटलं होतं. म्हणजे काय, तर एकदा लावलं आणि काहीतरी दिसलं.

मदरबोर्ड, म्हणजे सगळ्या चिपा बसवलेली मुख्य पाटी, विकणारे तर त्याहून वस्ताद. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशाच्या सोल्डरवर, म्हणजे भाग बोर्डाला जोडणाऱ्या डागावर, बंदी आली आणि त्याच सुमारास बहुतेकांनी सोल्डर बदललं. शिशाचं १८३ अंशांना वितळायचं, नवं २१७ च्या आसपास वितळतं आणि जास्त कडकही असतं. वर्षानुवर्षं तापून-निवून चिपखालचे टाके तडकतात. मग हे लोक चिपवर गरम हवा मारतात, बोर्ड चार आठवडे जगतो आणि तेवढ्यात विकला जातो. भंगारवाल्यांची तऱ्हा वेगळी. ते रॅम, डिस्क, प्रोसेसर काढून घेतात आणि बिजागरी, बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट), स्क्रीनची केबल फेकून देतात. मला नेमकं तेच हवं असतं. शिवाय 'नवाकोरा, सीलबंद' हा शब्द ऐकला की लोकांचे डोळे चमकतात. पण लिथियम बॅटरी खोक्यातही संपत जाते. सेल फार खाली गेले की आतला कंट्रोलर स्वतःला कुलूप लावून घेतो. कोरी आहे, पण मेलेली आहे.

शेवटी 'डिस्प्ले नाही, पार्टसाठी' म्हणून अख्खा टी६० मिळाला. मी सवयीने रॅम काढून पुसून परत बसवली आणि बटण दाबलं. स्क्रीन लागला. पांढराशुभ्र, कडेपर्यंत सारखा. डिस्क स्वतःच ठेवते त्या स्मार्ट नोंदीत चालण्याचे तास जेमतेम काहीशे. कीबोर्डच्या कळांना वापराची चकाकी नाही, बिजागऱ्या घट्ट. गिऱ्हाइकाच्या मशीनचा तळहात टेकतो तो कोपरा तडकलेला आणि पंखा घरघरणारा. कोण कोणाला भाग देणार, हे मला टेबलाशी बसून कळेना.

मी फोन केला. "साहेब, हे मशीन तुमच्यापेक्षा चांगलं आहे. तुमची डिस्क यात घालतो, हेच न्या."

"मी माझं दुरुस्तीला दिलंय," ते म्हणाले. "दुसरं मागितलेलं नाही."

मी समजूत घातली असती, पण तेवढ्यात एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो आणि सुपरवायझर पासवर्डची चौकट समोर आली. तो नसेल तर त्या सेटिंगला हात लावता येत नाही. या मशीनमध्ये तो पासवर्ड बोर्डावरच्या ईईप्रॉम नावाच्या स्मृतीच्या चिपमध्ये असतो. नाण्याएवढा सेल काढून ठेवला तरी पुसला जात नाही. चिप वाचून तो काढणारे आहेत, मी काढत नाही, कारण मशीन कुणाकडून कसं सुटलं हे मला कधीच माहीत नसतं. बहुतेक एखाद्या ऑफिसने जुनी मशीनं एकगठ्ठा काढली असणार आणि पासवर्ड काढायचं दोन मिनिटांचं काम कुणी केलं नसणार. अशा आळसापायी किती चांगली मशीनं भंगारात गेली असतील, याचा विचार आला की माझं डोकं तापतं. डेटा पुसून घ्या, जरूर पुसा. पण कुलूप लावून किल्ली कशाला फेकता?

तर पॅनेल काढलं. बेझलचे खटके इतके ठिसूळ झालेत की नख लावतानाच एक तुटला, आणि तो त्या चांगल्या मशीनचा. मॅन्युअलमध्ये प्रत्येक स्क्रूची लांबी आणि किती आवळायचा तेही दिलंय. पण प्लॅस्टिकमधले आटे किती वेळा उघडझाप सोसतील, ते त्यात नाही. चांगला भाग काढायलाही एक चांगलं मशीन थोडं खराब करावं लागतं, आणि हे दरवेळी होतं. संध्याकाळी ड्राफ्ट्समन आले, एक तिरकी रेघ काढून बघितली, मान हलवली. मग म्हणाले, "उरलेलं माझ्यासाठीच ठेवा. पंखा घरघरतोय, पुढच्या वेळी तो लागेल."

ठेवलं. बोर्ड चालू, कीबोर्ड उत्तम, स्क्रीन नाही. आमच्या दुकानातला पोरगा म्हणतो, साहेबांना नवा लॅपटॉप घ्यायला सांगा, उगाच काय. तो चूक नाही, पण त्याने त्या कीबोर्डवर कधी टाईप केलेलं नाही. आणि परवाच दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने विचारलं, टी६०च्या घट्ट बिजागऱ्या आहेत का, माझ्याकडच्या मशीनचा स्क्रीन उभा राहत नाही. साहेबांच्या बिजागऱ्या आज ठीक आहेत, आणखी वर्षभराने असतील का सांगता येत नाही. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.