उडणाऱ्या स्पिटफायरमध्ये मूळचे किती?

२४ मे १९४० रोजी फ्रान्समधील कॅलेजवळच्या किनाऱ्यावर उतरावे लागलेले पी ९३७४ हे स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान, चाळीस वर्षे वाळूखाली गाडलेले राहिले. १९८० मध्ये ते उघडे पडले आणि २०११ मध्ये इंग्लंडमधील डक्सफर्ड येथून त्याने पुन्हा उड्डाण केले. मूळच्या धातूपैकी प्रत्यक्ष हवेत गेला तो फार थोडा. बाकीचे विमान नव्याने घडवलेले आहे. काही शौकिनांना ही शुद्ध फसवणूक वाटते. माझे मत उलट आहे: उडवायचेच असेल तर असेच विमान उडवावे, आणि ज्याचा मूळ सांगाडा शाबूत आहे त्याला जमिनीवर राहू द्यावे.

कारण धातूच्या स्वभावातच आहे. त्या काळच्या लढाऊ विमानांचा पत्रा मुख्यतः ॲल्युमिनियममध्ये तांबे मिसळून केलेल्या मिश्रधातूचा असे. तांब्यामुळे त्याला बळकटी येते, पण त्याच तांब्यामुळे ओलाव्यात तो आतून खाल्ला जातो, आणि वरचा रंग ठीकठाक दिसत असतानाही आतले थर पापुद्र्यांसारखे सुटू लागतात. मॅग्नेशियमच्या ओतीव भागांची गत याहून वाईट होते. स्पिटफायरच्या पंखाचा भार ज्या मुख्य स्पारवर, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब तुळईवर, येतो, त्याचे वरचे आणि खालचे दांडे एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचे असतात; मुळाशी नळ्या जास्त आणि टोकाकडे एकेक कमी होत गेलेली. या नळ्यांच्या मध्ये काय झाले आहे हे बाहेरून पाहून सांगता येत नाही, त्यामुळे जुन्या स्पारवर वैमानिकाचा जीव सोपवण्याऐवजी तो सरळ नवा करतात.

लोकांचे लक्ष इंजिनाकडे जाते आणि सत्तावीस लिटरच्या बारा सिलिंडरी मर्लिनचा आवाज ऐकल्यावर ते साहजिकही आहे, पण पुनर्बांधणीचा खरा वेळ जिग खातो. जिग म्हणजे सुटे भाग जोडताना त्यांना अचूक जागी धरून ठेवणारी भक्कम चौकट. उत्पादन थांबल्यावर अशा चौकटी बहुतेक ठिकाणी मोडीत गेल्या, म्हणून आज विमानाआधी जिग घडवावा लागतो. चौकट किंचित वाकडी असली तर विमानही वाकडे होते, आणि वाकडे विमान उडते खरे, पण सतत एका बाजूला ओढत राहते.

त्याच युद्धातील मॉस्किटो या ब्रिटिश विमानाच्या बाबतीत तर साचाच सर्वस्व होता. हे विमान लाकडी: बर्चच्या प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड, आणि सारे गोंदाने जोडलेले. धड उभे चिरल्यासारख्या दोन अर्ध्या भागांत साच्यावर घडवत, आत केबली आणि नळ्या बसवत आणि मग ते दोन भाग जोडत. लाकूड कुजते, जुना गोंद सुटतो. त्यामुळे इथे जपण्यासारखे मूळ द्रव्य धातूच्या विमानाहूनही कमी उरते. १९९६ मध्ये बार्टन येथील अपघातात उडते शेवटचे मॉस्किटो नष्ट झाल्यानंतर सोळा वर्षे जगात एकही मॉस्किटो उडत नव्हते. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडमधील आर्डमोर येथे केए ११४ उडाले, ते नव्या साच्यांवर घडवलेल्या नव्या लाकडी धडामुळे. पुढे २०१७ मध्ये इंग्लंड-वेल्स सीमेवरील ब्रॉटनच्या कारखान्यात मॉस्किटोच्या वीस हजारांहून अधिक तांत्रिक आराखड्यांचा साठा नष्ट होण्याच्या बेतात असताना हाती लागला. माझ्या लेखी हा शोध एखादे गंजलेले धड सापडण्यापेक्षा मोठा आहे, कारण आराखड्यावरून धड करता येते. धडावरून आराखडा काढणे मात्र महाकठीण.

अर्थात नवे भाग घालून सगळेच प्रश्न सुटत नाहीत. व्हल्कन एक्सएच ५५८ हे जेट बाँबफेकी विमान २००७ मध्ये पुन्हा उडाले आणि २०१५ मध्ये कायमचे जमिनीवर आले. त्याच्या सुरक्षिततेची तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी पाठिंबा काढून घेतला, आणि त्या पाठिंब्याशिवाय ब्रिटनमध्ये इतक्या गुंतागुंतीच्या विमानाला उड्डाणाची परवानगी मिळत नाही. विमान चांगले असूनही केवळ जबाबदार माणसे नाहीत म्हणून ते थांबले, याची हळहळ वाटते. तरीही नियम मला योग्यच वाटतो.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ या बाँबफेकी विमानांच्या बाबतीत मूळ धातूचाच प्रश्न पुढे आला. २०२१ मध्ये एका उडत्या बी-१७ च्या पंखाच्या जोडणीत दोष आढळला आणि २०२३ मध्ये तिथल्या हवाई प्रशासनाने सर्वच बी-१७ विमानांचे पंख स्पारला जोडणारे भाग तपासण्याचा आदेश काढला. हे भाग तपासायचे म्हणजे खोलवर उघडावे लागते, आणि तडा सापडला तर बदली भाग बाजारात मिळत नाही, तो घडवावा लागतो. ज्या मालकांना एवढा खर्च झेपतो त्यांनी तो जरूर करावा. ज्यांना झेपत नाही त्यांनी पंख न उघडता विमान झाकून ठेवले, तरी त्यात कमीपणा नाही.