खरं, सांगायची गरज काय होती?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, भाजी घेताना हाच प्रश्न येतो: "गाडी जळाली, विम्याचा क्लेम नाकारला, समजलं. खरं, फॉग लाइट बाहेरून बसवल्याचं सर्व्हेयरला सांगायची गरज काय होती?" आमच्या निपाणीकडं 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. त्यामुळं हा प्रश्न मला दरवेळी दोनदा लागतो.

आगीचं फार सांगत नाही. वंटमुरी घाटात बॉनेटमधून धूर आला, सासूबाईंना ओढून बाहेर काढलं, बंब येईपर्यंत सांगाडा उरला.

विमा कंपनीचे सर्व्हेयर नुकसान बघायला चौथ्या दिवशी आले. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात होती, पाऊस पडून गेला होता आणि ओल्या राखेचा वास नाकातून जात नव्हता. सोबत धाकटे दीर होते. सर्व्हेयरनी फोटो काढले आणि सहज विचारलं, "बाहेरून काही बसवलंय का?" भाऊजी "नाही" म्हणायच्या बेतात होते, मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आणि मीच बोलले. "हो. गेल्या पावसाळ्यात आंबोली घाटात धुक्यानं रस्ता दिसेना, म्हणून भाऊजींनी फॉग लाइट बसवून घेतले. सुरक्षेसाठी रिले, फ्यूज घालून. पावती आहे." मी एवढं बोलले, कागदावर इंग्रजीत दोन ओळी उतरल्या. "इथं सही करा मॅडम." केली. भाऊजी गाडीच्या पलीकडं जाऊन उभे राहिले.

दोन महिन्यांनी पत्र आलं: अनधिकृत इलेक्ट्रिकल फेरफार केल्याची विमाधारकाने कबुली दिली आहे, नुकसान इलेक्ट्रिकल बिघाडामुळं झालं, सबब क्लेम देय नाही. त्यात रिले नाही, फ्यूज नाही, पावती नाही. भाऊजींनी ते दोनदा वाचलं. "वहिनी, माझं नाव घ्यायची गरज काय होती?" एवढंच म्हणाले. त्या वर्षी गणपतीला ते घरी आले नाहीत.

न वाचता सही केली ही चूक माझीच. मराठी शाळेत शिकवते, इंग्रजी वाचता येतं, तरी वाचलं नाही. सांगितल्याबद्दल मात्र मी अजून स्वतःशी भांडते. खरं बोलायचं म्हणून बोलले असं सांगायला आवडलं असतं. पण जळक्या बंपरवर लाइटच्या क्लिपा तशाच होत्या. नाही म्हणाले असते तर पकडले गेले असते, ही भीतीही होतीच. आणि पावती आहे म्हणजे आपली बाजू भक्कम, असं तेव्हा वाटलं होतं.

आजही वाटतं. पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय: आग, स्फोट, आपोआप पेट घेणं, वीज पडणं, या सगळ्याला संरक्षण. वगळलाय तो यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड. वायर जळून दिवे बंद पडले असते तर तो बिघाड. अख्खी गाडी जळाली ती आगच ना? शिवाय सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन होतं, फॉग लाइट बंद होते.

पण बटण बंद असलं तरी बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर जिवंतच असते. तिथं इन्सुलेशन घासलं गेलं असेल तर फ्यूज असून उपयोग नाही. हे मला एका मेकॅनिकनं सांगितलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. भाऊजींना बोलले नाही. इथंच पहिल्यांदा लिहितेय. वायर कुठं जळाली ते कुणी तपासलंच नाही, त्यामुळं ना मला खात्री, ना कंपनीला.

विम्याच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल बेंगळुरात, तिथं वकील देता येत नाही, म्हणून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेले. वकील म्हणतात, पॉलिसीची अट मोडली तरी ७५ टक्क्यांपर्यंत क्लेम देता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे, तेवढ्यावर मिटवू. ह्यांनाही ते पटतं. घराचे हप्ते आहेत, पैसे कुणाला नकोत? पण तेवढे घेतले तर आग त्या दिव्यांनीच लागली असं मी लिहून दिल्यासारखं होईल. एकदा सही करून बसलेय.

पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे. पावतीची मूळ प्रत भाऊजींकडं आहे. साक्षीला याल का, असा निरोप मी पुतण्याबरोबर पाठवलाय. अजून उत्तर आलेलं नाही.