हळदीची पोती आणि मिठाचं पाणी

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं, तेव्हा बऱ्याच जणांनी सुचवलं की सांगलीच्या नाट्यपरंपरेवर लिही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन सरकारांच्या आश्रयाने इथे नाटक उभं केलं, देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, आणि दर ५ नोव्हेंबरला गावात रंगभूमी दिनाचा सोहळा. ही उजळणी आपल्या शाळेतल्या प्रत्येक पिढीने वक्तृत्व स्पर्धेत केलेली आहे, आणि अभिमानाने केलेली आहे. मला मात्र ज्यांची नावं हँडबिलाच्या शेवटच्या ओळीत, ‘साहाय्य’ या शब्दापुढे छापली जायची, त्या माझ्या मित्रमैत्रिणींबद्दल लिहायचं आहे. पुष्कळदा जागा पुरली नाही म्हणून ती ओळच गळायची.

काळ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. आमची दहावी झाली, कुणी कॉलेजला गेलं, कुणी आयटीआयला, कुणी वडिलांच्या दुकानात बसलं. पण संध्याकाळी सगळे पुन्हा शाळेच्याच आवारात. शाळेने आम्हाला बाहेरचं मानलं नाही. चित्रकलेच्या सरांनी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला आणि सभागृहाची किल्ली आमच्या हाती आली. अट एकच होती, की सकाळच्या प्रार्थनेआधी हॉल झाडून बाकं जागेवर लागलेली दिसली पाहिजेत. ती आम्ही पाळली.

मित्रांची नावं लिहीत नाही. त्यांना ती छापून आलेली आवडणार नाहीत, आणि त्या वेळच्या मंडळींना टोपणनावांवरून ओळख पटेलच.

आमचा पेंटर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत ‘ए’ ग्रेड मिळवलेला मुलगा. पुढे शिकायची ऐपत नव्हती, म्हणून हरभट रोडवर पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली राहिला. अक्षर कसं बसवायचं, उभी रेघ एका श्वासात कशी ओढायची हे तो तिथे शिकला आणि संध्याकाळी येऊन आम्हाला शिकवायचा. नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या खोट्या भिंती, करायला मांजरपाट घ्यावं तर परवडायचं नाही. मग मार्केट यार्डातून रिकामी पोती आणली. सांगलीच्या यार्डातली पोती म्हणजे हळदीची. कितीही झटकली तरी पिवळी धूळ धाग्यांत बसलेली. ती उसवून, जोडून, बांबूच्या चौकटीवर ताणून पेंटरने चुन्याचा पहिला हात दिला आणि बघता बघता पोतं लाल झालं. घरोघरी हळद आणि चुना कालवून कुंकू करणाऱ्या बायकांना यात नवल वाटलं नसतं, पण वीस फुटांचं गोणपाट डोळ्यांदेखत तांबडं होताना पाहणं काही वेगळंच होतं. आम्ही सगळे गप्प उभे होतो. पेंटर मात्र लगेच कामाला लागला. कुठे चुना दाट, कुठे पातळ, कुठे हातच नाही, अशा तऱ्हेने त्याने रंग न वापरता मातीच्या भिंतीचे सगळे पोत त्या गोणपाटावर उठवले. ही लाली टिकत नाही. चुना वाळून त्याला हवा लागली की उतरत जाते आणि मळकट तपकिरी छटा मागे राहते. म्हणून प्रयोगाच्या दिवशी दुपारी तो पुन्हा चुन्याच्या निवळीचा हात मारायचा आणि पडदा उघडेपर्यंत कुणाला जवळ फिरकू द्यायचा नाही.

दुसरा आमचा वायरमन. त्याचे वडीलही वायरमनच, त्यामुळे विजेची भीती आणि विजेचा मान दोन्ही त्याला घरातूनच मिळालेले. नाटकाला प्रकाश कमी-जास्त करायचा तर डिमर हवा, आणि तयार डिमरचं भाडं आमच्या अख्ख्या नाटकाच्या खर्चाहून जास्त. गावातल्या जुन्या रंगमंच कामगारांकडून त्याने मिठाच्या पाण्याच्या डिमरची कृती मिळवली. ड्रेनेजच्या कामासाठी आलेल्या, कड उडाल्यामुळे बाजूला टाकलेल्या चिनी मातीच्या नळ्या त्याने मुकादमाला विचारून आणल्या. बुडं सिमेंटने बंद केली. तळाशी एक धातूची पट्टी, तिला जोडलेली वायर. दुसरी पट्टी वरून सुती दोरीला टांगलेली, दोरी लाकडी कप्पीवरून फिरवलेली. नळीत पाणी आणि त्यात मीठ. वरची पट्टी खाली सोडत गेलं की दोन पट्ट्यांमधलं पाणी कमी होतं, विजेला अडथळा कमी होतो आणि दिवा हळूहळू उजळतो. वर ओढली की मंदावतो. मीठ कमी पडलं तर दिवा पुरता पेटत नाही, जास्त झालं तर पाणी उकळायला लागतं. लांबलेल्या प्रवेशात नळीतून वाफ निघायची. हे जीवघेणं काम होतं आणि त्याला ते पुरतं ठाऊक होतं. कोरड्या लाकडी फळीवर रबरी चपला घालून तो उभा राहायचा, भोवती खडूने रेघ मारायचा आणि त्या रेघेच्या आत सरांनासुद्धा यायला बंदी. डालड्याच्या मोठ्या डब्यांना भोकं पाडून त्याने स्पॉट केले होते. त्या डब्यांतून येणारा उजेड नेमका हवा त्या चेहऱ्यावर आणि हवा तेवढाच पडायचा. पुढे मुंबई-पुण्यात मी पुष्कळ नाटकं पाहिली, उत्तम सामग्री पाहिली. प्रकाशाची इतकी समज क्वचित पाहिली.

मिरजेहून सायकलवर येणारा एक मित्र होता, तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातला. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला पहिली आठवण त्याची झाली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यांपैकी जे चिरलेले, वाद्याला न चालणारे निघत, ते तो आमच्यासाठी बाजूला काढायचा. त्यावर एखाददुसरी तार ताणून, पोटावर हाताच्या तळव्याने थापून, तोंडाशी फुंकर मारून तो जे आवाज काढायचा त्यांना आमच्याकडे टेपरेकॉर्डरची गरजच पडली नाही.

आणि आमचा लेखक. यार्डात एका अडत दुकानावर दिवाणजींच्या हाताखाली होता. हळदीचे सौदे संपले की कच्च्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूंवर तो एकांकिका लिहायचा. कानडी हेल असलेली मराठी, हमालांच्या शिव्या, मापाड्यांची गाण्यासारखी मोजणी, हे सगळं त्याच्या कानात भरलेलं असायचं. आमच्या वयाची इतर मुलं परकी नाटकं मराठीत आणून कोरी शहरी भाषा बोलत होती. त्याने हरिपूरच्या पेवावर लिहिलं.

नव्या मुलांसाठी सांगते. हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं असत. तोंड अरुंद, पोट मोठं, आत पुरुषच्या पुरुष उभे राहतील एवढी खोली. तिथली माती अशी, की हळद वर्षानुवर्षं टिके. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आत हवा कोंडलेली असते, तिने माणूस गुदमरतो. म्हणून आधी कंदील सोडायचा. कंदील विझला नाही तरच माणूस उतरणार. एवढ्यावर त्याची एकांकिका उभी होती: पेवाच्या तोंडाशी बसलेले तीन हमाल, सौद्याची घाई झालेला मालक, आणि खाली जाणारा कंदील.

त्या एकांकिकेत आमच्यातल्या प्रत्येकाचं काम एकमेकांत मिसळून गेलं. लाल पोत्यांची भिंत म्हणजे पेवाची आतली बाजू. कंदील खाली जायला लागला की वायरमन दोरी इंच इंच वर ओढायचा आणि रंगमंच काळवंडत जायचा. त्याच वेळी मिरजकर भोपळ्याच्या तोंडाशी नुसता श्वास सोडायचा, आणि जमिनीच्या पोटातून काहीतरी वर येतंय असं वाटायचं. माझ्याकडे प्रॉम्प्टिंग होतं, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेले संवाद सुचवणं. त्या मिनिटभरात संवाद नव्हते, त्यामुळे विंगेतून मला पूर्ण बघता यायचं. अंगावर काटा यायचा.

पहिला प्रयोग शाळेच्या हॉलमध्येच झाला. लेखकाने यार्डातल्या हमालांना आग्रहाने बोलावलं होतं. खुर्च्या मोकळ्या असूनही ते मागे भिंतीला टेकून उभे राहिले. प्रयोग संपल्यावर त्यांच्यातले एक मामा आत आले. त्यांनी कंदिलाची दोरी मागून घेतली आणि म्हणाले, “पोरानु, असा नाय सोडत कंदील. असा सोडला तर धक्क्यानंच इझतोय. मग हवेनं इझला का धक्क्यानं, कळायचं कसं?” दोन्ही हातांत दोरी धरून, एका हातातून दुसऱ्या हातात सरकवत, मध्ये थांबत, त्यांनी कंदील कसा सोडायचा ते दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तो प्रसंग दुपटीने लांबला आणि दुपटीने चांगला झाला. आमच्या कामाची याहून मोलाची समीक्षा पुढे कधी झाली नाही. स्पर्धेत आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही.

हे सगळं जिच्यामुळे रुळावर राहिलं, ती माझी बाकावरची मैत्रीण. संहितेच्या प्रती परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, मुंबईला पाठवणं, प्रमाणपत्रासाठी स्मरणपत्रं लिहिणं, पोलिसांकडून प्रयोगाचा परवाना काढणं, वर्गणीच्या पावत्या, चहाचा हिशोब, जुन्या नऊवारींची झालर शिवणं हे सगळं ती करायची. मुली नाटकात म्हटल्यावर घरातून जी बोलणी बसायची, तीही तिने आमच्या दोघींच्या वाटची खाल्ली. माझ्या आईला येऊन भेटली आणि म्हणाली, “काकू, साडेआठला मी स्वतः सोडायला येईन.” ती खरोखर रोज यायची.

आम्ही एक अनियतकालिकही काढायचो, सायक्लोस्टाइल यंत्रावर छापून. माझं अक्षर बरं, म्हणून त्याची स्टेन्सिलं, म्हणजे छपाईसाठी कोरायचे कागद, माझ्याकडे. शाळेत हस्तलिखित वार्षिक काढायची सवय होती. तिचंच हे पुढचं रूप. मेणाच्या त्या निळसर कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं. शिरोरेषा सलग ओढली की कागद त्या रेषेवरच फाटायचा, म्हणून प्रत्येक अक्षराची रेषा सुटी काढायची. ‘ठ’ आणि ‘छ’ जपून लिहायचे, नाहीतर आतला गोल तुकडा गळून पडे आणि छापताना तिथे शाईचा ठिपका उमटे. चूक झाली तर नेलपॉलिशचा थेंब लावून, वाळवून, वरून पुन्हा लिहायचं. मुखपृष्ठ पेंटर प्रत्येक प्रतीवर स्वतंत्र रंगवायचा, त्यामुळे कुठलेही दोन अंक सारखे नसत. खाली ‘फक्त खाजगी वितरणासाठी’ अशी ओळ. कविता, पेवाची एकांकिका, हमालांच्या ओव्या, मिरजेच्या सतारमेकर गल्लीवरचा लेख, असं त्यात असायचं. आज ते वाचताना काही कविता कच्च्या वाटतात, पण ओव्यांचा तो संग्रह अजूनही मौल्यवान आहे, कारण त्या म्हणणारी माणसं आता नाहीत.

अभावातूनच कला फुलते असं कुणी म्हणालं की माझं त्याच्याशी पटत नाही. पेंटरला शिकायला पैसे मिळाले असते तर ते उत्तमच झालं असतं. वायरमनने विजेशी असा खेळ करायला नको होता. आम्हाला तारलं ते अभावाने नाही. एका सरांनी आमच्यासाठी शब्द टाकला, एका मुख्याध्यापकांनी किल्ली दिली, अडत्याने पोती दिली, मुकादमाने नळ्या नेऊ दिल्या, त्याने तारलं. गावात अशी माणसं असली की मुलांना काही करून बघता येतं. आज आपल्या शाळेचं सभागृह पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं आहे. ते संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांना उघडं असावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

२००५च्या महापुरात हरिपूरची कितीतरी पेवं गेली. त्याच पुरात लेखकाच्या घरातली सगळी कागदपत्रं, कच्च्या बिलांवरची मूळ संहिताही गेली. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या घरात उरलेले अंकही भिजले. तिने ते ओळीने दोरीवर वाळत घातले, पण सायक्लोस्टाइलची शाई राहिली आणि पेंटरची मुखपृष्ठं धुऊन गेली. लेखक आता आपल्यात नाही. पेंटरने फ्लेक्स येईपर्यंत पाट्या रंगवल्या, मग गणपतींची आखणी केली; गावभागातल्या कितीतरी घरांतल्या मूर्तींचे डोळे त्याच्या हातचे आहेत. मिरजकर अजून तंबोरे करतो. वायरमन निवृत्त झाला आहे.

माझ्याकडे अंकांच्या काही प्रती पुण्याला होत्या म्हणून वाचल्या. त्या मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. सुट्या पानांसकट कुणाकडे काही असेल, अर्धवट असलं तरी, तर कृपया ग्रंथपालांकडे आणून द्यावं. सगळ्याचं स्कॅनिंग करून घेण्याची जबाबदारी मैत्रिणीने घेतली आहे. पेवाच्या एकांकिकेची शेवटची चार पानं कुठल्याच प्रतीत सापडत नाहीत. ज्यांनी तीन हमालांच्या भूमिका केल्या, त्यांना आपापले संवाद आठवत असतील तर ते लिहून पाठवावेत. माझ्या आठवणीतले मी लिहून काढले आहेत, पण दुसऱ्या हमालाचं शेवटचं बोलणं काही केल्या जुळत नाही.

महोत्सवाच्या प्रदर्शनात वायरमन मिठाच्या पाण्याचा डिमर मांडणार आहे. या वेळी ट्रान्सफॉर्मर लावून, बारा व्होल्टवर, म्हणजे मुलांना स्वतः दोरी ओढून बघता येईल. पेंटरने हळदीच्या पोत्यांसाठी यार्डात सांगून ठेवलं आहे. चुन्याचा हात तो दोन्ही दिवशी दुपारी देणार आहे; ज्यांना पोतं लाल होताना बघायचं आहे, त्यांनी त्या सुमारास चित्रकलेच्या खोलीत यावं.