साखर कारखान्याच्या केमिस्टची वही

वाचनालयात पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याची एक ओळ होते. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, पानं, किंमत, बिलाचा क्रमांक. मग आतल्या पानावर आणि आमच्या ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का, शेवटी तारीखपट्टी, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी. त्या संग्रहात कथा किती, त्यांची नावं काय, त्या आधी कुठल्या अंकात आल्या होत्या, यातलं काहीही कुठे उतरत नाही. आमच्या दप्तरात संग्रह असतो, कथा नसते. दिवाळी अंकांचे हाल तर विचारू नका. त्यांची वेगळी योजना, वेगळी वर्गणी. चार महिने ते हातोहात फिरतात, होळीपर्यंत पिना निसटतात आणि उन्हाळ्यात गठ्ठा रद्दीवाल्याकडे जातो. ज्या अंकांनी मराठी कथा जगवली, त्यांची ही गत आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विज्ञानकथेचे हाल आणखी वेगळे. मराठी कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा आकडा लावून सगळे मोकळे होतात. त्याच्या आत कोण कुठे जाणार, ते त्या त्या वेळच्या माणसावर. मी इथे रुजू झाले तेव्हा खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ कथांमध्ये होतं आणि ‘अंतराळातील भस्मासूर’ खगोलशास्त्राच्या फडताळात. नारायण धारपांचं ‘नेनचिम’ भयकथांच्या ओळीत. लक्ष्मण लोंढ्यांचं ‘दुसरा आइन्स्टाइन’ चक्क चरित्रांत. पुस्तक उघडूनही न बघता नावावरून विषय ठरवणाऱ्या माणसाला ग्रंथपाल म्हणायचं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. भोवती ऊस. सगळ्या गावाचं वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्यावर. आषाढात, पाऊस जरा उघडला होता त्या दिवशी, एक बाई रिक्षातून खोकी घेऊन आल्या. वडील आमचे जुने सभासद, कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. वारले. मुलगी पुण्याला असते, घर विकायला काढलंय. पुस्तकं वाचनालयाला द्यावीत असं ते म्हणून गेले होते.

अशा देणग्यांचा अनुभव फारसा चांगला नसतो. लोक घर रिकामं करतात आणि त्याला ग्रंथदान म्हणतात. जुनी गाइडं, कॅलेंडरं, लग्नपत्रिकासुद्धा येतात. ही खोकी मात्र उघडल्याबरोबर मी खाली बसले. नारळीकर, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, लोंढे, अरुण साधूंचं ‘विप्लवा’, भा. रा. भागवतांची जुन्या आवृत्तीतली व्हर्नची भाषांतरं, धारपांचा ढीग. प्रत्येकाला खाकी कव्हर, एकालाही कसर नाही. आणि सगळ्यात खाली लाल कापडी पाठीची लांबट रजिस्टरं.

“ती कारखान्याची असतील ताई, टाकून द्या,” मुलगी म्हणाली.

मी वरचं उघडलं. कागद कारखान्यातलाच, प्रयोगशाळेच्या छापील रकान्यांचा. पण रकान्यांत लिहिलेल्या होत्या कथा. अनुक्रमांक, तारीख, कथेचं नाव, लेखक, कुठे वाचली (अंक, वर्ष, पान), कल्पना, शेरा. सुरुवातीला ‘वि’ किंवा ‘अ’, म्हणजे विज्ञान किंवा अद्भुत. आणि मधे तीन अरुंद रकाने: ब्रि., पो., प्यु. त्यात आकडे. १८, १५, ८३.३. १९, ११, ५७.९. मला काही उलगडा होईना.

पेपर वाचायला रोज येणारे एक आजोबा कारखान्यात पॅनमन, म्हणजे साखर शिजवणाऱ्या पॅनवरचे कामगार होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि एकदम खुलले. “अहो मॅडम, हा तर रसाचा रिपोर्ट! रसात विरघळलेलं सगळं म्हणजे ब्रिक्स. त्यातली खरी साखर म्हणजे पोल. पोलला ब्रिक्सनं भागायचं, शंभरनं गुणायचं, की प्युरिटी.”

म्हणजे हा माणूस कथा वाचायचा आणि उसाच्या रसासारखी तपासायचा. कथेत एकूण माल किती भरलाय, ती ब्रिक्स. त्यातली खरी कथा किती, ती पोल. नुसत्या तारे-दुर्बिणी-यंत्रमानवांनी ब्रिक्स वाढते, प्युरिटी वाढत नाही. गेली कित्येक वर्षं विज्ञानकथेवरची परीक्षणं मी वाचते आहे. “यात विज्ञान जास्त, कथा कमी” असं सगळेच म्हणतात, पण किती कमी ते मोजायचं धाडस केलेला हा एकच माणूस मला भेटला. शेरेही त्याच भाषेत. ठरीव कल्पनेला ‘शिळा ऊस’. पाल्हाळाला ‘मळीच जास्त’. तोड झाल्यावर ऊस गाळपाला उशिरा गेला की साखर उतरते, हे ज्याला रोज दिसायचं, त्याला शिळ्या कल्पनेसाठी दुसरा शब्द शोधावा लागला नाही.

नोंदींच्या तारखाही बोलतात. दिवाळी अंक येतात आणि नेमका तेव्हाच गळीत हंगाम सुरू होतो. त्यामुळे दिवाळीनंतरच्या नोंदींपुढे बारीक अक्षरात ‘रा. पा.’, रात्रपाळी. दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात एक कथा. पावसाळ्यात कारखाना बंद, तेव्हा पुस्तकं. पुनर्वाचन लाल शाईत, त्याच ओळीच्या वर, नव्या आकड्यांसकट. एका कथेची पोल पंधरा वर्षांत १४ वरून ९ वर आलीय, शेजारी दोनच शब्द: ‘घाईत होतो’.

धारपांच्या बाबतीत त्यांची कायम ओढाताण. ‘समर्थ’ या त्यांच्या नायकाच्या कथांपुढे ‘अ’ लिहायचं, खोडायचं, ‘वि?’ लिहायचं, पुन्हा ‘अ’. गो. ना. दातारांचं ‘इंद्रभुवनगुहा’, नाथमाधवांचं ‘वीरधवल’ अशी लहानपणी वाचलेली पुस्तकं शेवटच्या पानांवर आठवणीतून उतरवलीत. तिथे आकडे नाहीत, “तेव्हा मोजता येत नव्हतं” असं स्वच्छ लिहिलंय.

‘कृष्णविवर’च्या नोंदीपाशी समासात बाण काढून लिहिलंय: “ना. वि. जगताप = ज. वि. ना.” ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत नारळीकरांनी ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. आमचे केमिस्ट त्या मांडवात होते. ते संमेलन लोकांना दुर्गाबाईंनी आणीबाणीला केलेल्या विरोधासाठी आठवतं, वहीत मात्र त्या तारखेला लिहिलंय, “आज आपल्या कथेला पाटावर बसवलं.” ‘आपल्या’ असं लिहिलंय त्यांनी. २० मे २०२५ ला नारळीकर गेले तेव्हा आमच्याकडे शोकसभा झाली. सगळे त्यांच्या विश्वरचनाशास्त्रावर बोलले, कथांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. ही वही तेव्हा हाताशी असती तर मी त्यातली दोन पानं वाचून दाखवली असती.

शेवटच्या रजिस्टरात सूची आहे, आणि ती कल्पनेवरून. ‘काळ – मागे जाणे’. ‘काळ – थांबणे’. ‘मेंदू – रोपण’. ‘पाऊस – कृत्रिम’. या ओळीवर मी थबकले, कारण आमच्या मागणी वहीत कितीतरी वर्षं एक मागणी पडून आहे. गावातल्या एक निवृत्त शिक्षिका लहानपणी वाचलेली कथा शोधताहेत. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. एक गाव तासावर पाऊस विकत घेतं, आणि त्याचा हिशेब एक शाळकरी मुलगी ठेवते. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी पुढे ‘अपुरी माहिती’ असा शेरा मारून ठेवलाय.

सूचीत क्रमांक होता. क्रमांकावरून नोंद सापडली. नाव, लेखक, अंक, वर्ष, पान. ब्रिक्स १८, पोल १५. “पाऊस विकता येईल हे पटलं. मुलगी शेवटी खोटा आकडा लिहिते, तेही पटलं. कंपनीचा माणूस नाटकातला.”

बाईंना फोन केला, छत्री घेऊन तशाच आल्या. नोंद वाचली. आनंद झाला असेल असं मी धरून चालले होते, पण त्यांनी वही बाजूला सारली. “खोटा आकडा नाही हो लिहीत ती. रात्री जाऊन नळ उघडते. मला चक्क आठवतंय.” पॅनमन आजोबा म्हणाले, केमिस्ट साहेब आकड्यात चुकायचे नाहीत. बाई म्हणाल्या, आकड्यात नसतील चुकत. केमिस्टांची मुलगी गप्प ऐकत होती.

उत्तर अंकात आहे आणि अंक कुठेच नाही. साताऱ्यात विचारलं, पुण्यात विचारलं, दोन जुन्या संग्राहकांना विचारलं. म्हणूनच कथेचं नाव मी इथे लिहीत नाही. अंक हातात येईपर्यंत ती एका माणसाची नोंद आणि एका बाईंची आठवण आहे, आणि दोन्हींचा शेवट वेगळा आहे.

त्याच दुपारी मुलगी उभ्या उभ्या रजिस्टरं चाळत होती. एका पानाशी थांबली. तिची आई आजारी होती त्या महिन्यांतलं पान. नोंदी रोजच्या, पण ब्रिक्स-पोलचे रकाने रिकामे. कुठे वाचली, या रकान्यात ‘दवाखाना’. आणि शेवटच्या नोंदीचा शेरा: “मोठ्याने वाचून दाखवली. तिला शेवट आवडला नाही. बदलून सांगितला.”

तिने वही मिटली. म्हणाली, “ही पानं नकोत कुणी बघायला. नाहीतर सगळंच परत नेते.”

तिचं म्हणणं समजत नाही असं नाही. पण त्या तीन-चार पानांवर ज्या कथांची नोंद आहे, त्यातल्या निम्म्या कुठल्याही संग्रहात मला सापडलेल्या नाहीत. कुणाची ही कथा, कुठे आली, हे सांगणारा पुरावा या तालुक्यात तरी तेवढाच. शिवाय एक वेगळंच मनात येतं. आकडे न लिहिलेली ती पानं काढून टाकली तर बाकीच्या आकड्यांना काय अर्थ उरतो? सगळं मोजणाऱ्या माणसाने काय मोजलं नाही, ते याच पानांवर कळतं.

कार्यकारी मंडळापुढे विषय ठेवला. पुस्तकं घ्या म्हणाले, कारण वाचनालयाचा अनुदानासाठीचा वर्ग टिकवायला ग्रंथसंख्या लागते. रजिस्टरांचं काय, तर “किंमत किती लावणार? प्रकाशक कोण लिहिणार? तपासणीला कोण उत्तर देणार?” दाखल नोंदवहीत प्रकाशकाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून पन्नास वर्षांचं वाचन आत येऊ शकत नाही. सभेला हजर असलेल्या एकानेही वही उघडून पाहिली नाही. अनुदान वेळेवर येत नाही, पगार सांगण्यासारखा नाही, हे सगळं मी सोसते. पण वाचनालयाच्या मंडळाला वाचकाची वही अडगळ वाटावी, हे मला सोसत नाही.

तूर्त रजिस्टरं मुलीच्या मालकीची, माझ्या कपाटात, माझ्या जबाबदारीवर. वाचनालय बंद झाल्यावर सूची संगणकावर उतरवते आहे: कथा, लेखक, अंक, वर्ष, पान, कल्पना, तिन्ही आकडे. आमच्याकडच्या कथासंग्रहांच्या अनुक्रमणिकाही त्याच यादीला जोडते आहे, कुणी सांगितलेलं नसताना. शिक्षिका बाई शनिवारी येऊन मदत करतात. प्रत्येक दिवाळी अंकाचं नाव आलं की विचारतात, “हा मिळेल का हो कुठे?”

दवाखान्यातल्या पानांपुरतं मी मुलीला कळवलंय की कथेचं नाव, अंक आणि वर्ष एवढंच उतरवीन, शेरे सोडून देईन. तिचं उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात घराच्या कागदपत्रांसाठी ती गावात येणार आहे. तेव्हा समोर बसून विचारणार आहे, की एवढी ‘बदलून सांगितला’ची एक ओळ राहू द्याल का. नाही म्हणाली तर ती पानं तिच्या हाती देईन आणि यादीत तेवढे क्रमांक कोरे ठेवीन.