कोल्ह्यांच्या शहरात कोंबड्यांचं घर

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या आजोबांच्या पाचही कोंबड्या कोल्ह्याने मारल्या. रात्री नाही, भर दुपारी, लख्ख उन्हात. चार तिथेच पडल्या होत्या आणि पाचवी तोंडात धरून तो सहा फुटी कुंपणावरून निघून गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तो जाताना दिसला. कोंबड्या पाळायच्या असं आमच्या घरात आधीपासूनच घाटत होतं. त्या दुपारनंतर प्रश्न एकच उरला: त्यांना ठेवायचं कशात?

आम्ही राहतो ते इंग्लंडमधलं ब्रिस्टल हे कोल्ह्यांचं शहर आहे. इथल्या विद्यापीठात शहरी कोल्ह्यांवर कित्येक दशकं संशोधन झालंय. 1994 मध्ये खरजेची साथ आली आणि शहरातले बहुतेक सगळे कोल्हे मेले, तरी हळूहळू ते परतलेच. आता संध्याकाळी बसमधून उतरलं की उभ्या गाड्यांच्या मधून एखादा सावकाश चालत जाताना दिसतो, माणसाकडे ढुंकूनही न बघता. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना पिल्लं होतात, आणि पुढचे दोन-तीन महिने त्यांची पोटं भरण्यासाठी ते दिवसाढवळ्याही शिकार करतात. आजोबांच्या कोंबड्या नेमक्या त्या दिवसांत सापडल्या.

मामाला फोनवर सांगितलं की तीन कोंबड्यांच्या घरासाठी काही शे पौंड बाजूला काढलेत, तर तो म्हणाला, "अगं, कोंबड्या पाळतेयस की हत्ती?" मला ते लागलं. कोकणातल्या आजोळी आमचं खुराडं होतं ते पडवीच्या कडेला, खाली दगड, वर फळ्या, आणि संध्याकाळी पुढे एक फळी सरकवून तिला धोंडा लावला की काम झालं. अधूनमधून मुंगूस एखादी कोंबडी न्यायचं. मामी दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. ते खुराडं कमी दर्जाचं होतं असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. त्याला राखण होती. अंगणात सतत कोणी ना कोणी असायचं, पायरीवर कुत्रा असायचा, कोंबड्या कलकलल्या की घरातून तीन माणसं धावायची. इथे आमच्या गल्लीत सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चिटपाखरू नसतं. कोंबड्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी धावणार कोण? जी राखण तिथे माणसं करायची, ती इथे जाळीला आणि कडीला करावी लागते. त्याचेच पैसे लागतात.

एक कोंबडी पुरली असती, मग कोल्ह्याने पाचही का मारल्या, हे मला आजोबांनी समजावलं. उरलेली शिकार पुरून ठेवायची कोल्ह्याची सवय असते, म्हणून मिळेल तेवढी तो मारतो. मोकळ्यावर एक पकडली की बाकीच्या उडून पांगतात आणि वाचतात. बंद आवारात त्यांना जायला जागाच नसते. त्या त्याच्यासमोर फडफडत राहतात, आणि जोवर फडफड आहे तोवर तो मारत राहतो. म्हणजे कच्चं घर हे घर नसण्यापेक्षाही वाईट. घर नसेल तर निदान एखादी तरी झाडावर चढून बसेल. कच्च्या घरात आपण त्या सगळ्यांना एकत्र कोंडून कोल्ह्याच्या हवाली करतो. यानंतर मी जे काही निवडलं ते या एका विचारावरून, आणि त्यात काटकसर करायची नाही हे तेव्हाच पक्कं केलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जाळीवर. बागेच्या सामानाच्या दुकानांत जी तयार घरं मिळतात त्यांतल्या बहुतेकांना षटकोनी भोकांची पातळ जाळी असते, आपल्याकडे जिला मुर्गा जाळी म्हणतात ती. आजोबांनी त्यांच्या जुन्या घराचा एक तुकडा आणून माझ्या हातात दिला. म्हणाले, "एक तार तोड." मी पक्कडीने एक पीळ कापला. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं त्या भोकात घातली आणि बाजूला ओढली, तसे शेजारचे पीळ एकामागून एक सुटत गेले आणि बघता बघता माझं डोकं जाईल एवढं भगदाड पडलं. आजोबांचं वय ऐंशीच्या घरात आहे, हातांना संधिवात आहे. कोल्ह्याला दात आहेत आणि अख्खी रात्र आहे. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही.

त्याऐवजी घ्यायची ती वेल्डमेश. तिच्यात तारा एकमेकींना पिळलेल्या नसतात, प्रत्येक जोडावर डाग दिलेला असतो, त्यामुळे एक तुटली तरी बाकीच्या जागच्या हलत नाहीत. भोक 13 मिलिमीटरचं, म्हणजे अर्ध्या इंचाचं. कोल्ह्यासाठी एवढं बारीक लागत नाही, पण उंदीर आणि वीझल नावाचा मुंगसासारखा पण अगदी सडपातळ प्राणी इंचभर फटीतूनही आत येतो. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड. बारीक भोकाच्या जाळीत 19 गेज सहज मिळते, तिची तार साधारण एक मिलिमीटरची. आम्ही 16 गेज शोधून आणली, तिची तार दीडपटीहून जाड आहे. ती कापताना नवऱ्याच्या तळव्यांना फोड आले. आणि ही जाळी नुसत्या स्टेपलने ठोकून चालत नाही. स्टेपल ओढले की निघतात. वायसर घालून स्क्रू मारायचे, तेही लाकडाच्या आतल्या अंगाने नाही तर बाहेरून, म्हणजे ढकललं तरी जाळी चौकटीवरच दाबली जाते.

खालून खणून येण्याचा बंदोबस्तही जाळीचाच. घराला जोडलेल्या जाळीच्या आवाराच्या चारही बाजूंनी फूट-दीड फूट रुंदीची वेल्डमेश जमिनीवर सपाट, बाहेरच्या बाजूला अंथरायची, भिंतीच्या जाळीला घट्ट जोडायची आणि वर गवत वाढू द्यायचं. कोल्हा भिंतीच्या अगदी बुडाशी खणायला लागतो, जाळी लागते, तो जागा बदलतो, पुन्हा जाळी लागते. चार पावलं मागे जाऊन तिथून भुयार काढावं हे त्याला सहसा सुचत नाही. हे ज्याने कोणी पहिल्यांदा शोधून काढलं त्याला मनापासून नमस्कार. किती साधं आणि किती नेमकं!

कड्यांच्या बाबतीत मात्र कोल्ह्यापेक्षा बॅजर जड. हा ठेंगणा, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा प्राणी ताकदीने फळी उखडतो. 1992 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला हात लावता येत नाही, आणि लावावा असं मला वाटतही नाही. आपली फळी जाड घ्यावी. फिरवायची लाकडी खिटी किंवा नुसता आकडा तो नाकाने ढकलून उघडतो, म्हणून प्रत्येक दाराला सरकता बोल्ट आणि त्याच्या भोकात गिर्यारोहकांकडे असते तशी स्प्रिंगची कडी. अंडी काढायच्या झाकणालासुद्धा. बहुतेक घरांत तेच झाकण सगळ्यात कमजोर असतं, कारण विकणारा ते माणसाच्या सोयीसाठी बनवतो.

मग दार. कोंबड्या तिन्हीसांजेला आपापल्या घरात शिरतात, हे तुम्हाला सांगायला नको. इथली तिन्हीसांज डिसेंबरात दुपारी चारला होते आणि जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर. चारला मी ऑफिसात असते. आजोबा म्हणाले, "दार लावायला मी येत जाईन." ते नक्की आले असते, पण पावसात, निसरड्या गवतावरून त्यांना रोज यायला लावणं मला पटेना. प्रकाश ओळखून आपोआप उघडझाप करणारं दार बसवलं. बॅटरीवर चालतं, खाली येताना मध्ये कोंबडी असेल तर थांबतं.

लाकूड की प्लॅस्टिक यावर आमच्या घरात बरंच बोलणं झालं. मला लाकूड हवं होतं, डोळ्यांना बरं दिसतं. पण इथे रेड माइट नावाची बारीक कीड आहे. दिवसा ती लाकडाच्या सांध्यात, छपरावरच्या डांबरी फेल्टखाली लपते, रात्री बाहेर येऊन दांडीवर झोपलेल्या कोंबड्यांचं रक्त पिते. घर रिकामं ठेवलं तरी महिनोन् महिने उपाशी तग धरते. प्लॅस्टिकच्या घराचे भाग सुटे होतात, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुता येतात, लपायला जागा कमी. प्लॅस्टिक घेतलं. दांड्या मात्र लाकडाच्या, कडा घासून गोल केलेल्या, अंड्यांच्या खोक्याहून उंचावर, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपून तो घाण करतात. झरोके त्यांच्या डोक्याच्या वर. इथली थंडी कोंबड्यांना सोसते. ओल आणि विष्ठेतला अमोनिया सोसत नाही. झरोके बुजवून घर उबदार करायला जाणं म्हणजे त्यांची छाती बिघडवणं.

आकाराबद्दल एवढंच सांगते: जाहिरातीत सहा कोंबड्यांचं म्हटलेलं घर तिघींपुरतं समजावं. आम्ही ज्या आणणार आहोत त्या अंड्यांच्या मोठ्या फार्मवर दीड वर्ष काढलेल्या आहेत. अशा कोंबड्यांना नवी घरं शोधून देणारी एक संस्था इथे 2005 पासून काम करते. 'बॅटरी' म्हणतात ते जुने, ओळीने रचलेले तारेचे छोटे पिंजरे 2012 पासून बंद झाले, पण सुधारलेल्या पिंजऱ्यातही एकीच्या वाट्याला किमान 750 चौरस सेंटीमीटर असतात, ए-फोर कागदाहून थोडी जास्त जागा. त्यांच्यासाठी सहा चौरस मीटर आवार केलं, मामाला ते जास्त वाटलं तरी वाटो.

आता नियमांबद्दल. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी असली तरी सरकारकडे नोंद करावी लागते, आणल्यापासून महिन्याच्या आत. पूर्वी ही सक्ती 50 पक्ष्यांपासून होती. यात मला काही वावगं वाटत नाही. बर्ड फ्लू आला तर कोणाकडे पक्षी आहेत हे कळायला हवंच. 7 नोव्हेंबर 2022 ते 18 एप्रिल 2023 इंग्लंडभर सगळ्या कोंबड्या बंदिस्त ठेवायचा हुकूम होता, अगदी घरामागच्यासुद्धा. म्हणून आवारावर जाळीच्या वरून पारदर्शक पन्हळी पत्रे टाकले, म्हणजे रानपक्ष्यांची विष्ठा आत पडणार नाही आणि पुन्हा तशी वेळ आली तर त्या पाच महिने अंधाऱ्या खोक्यात राहणार नाहीत.

ज्या नियमाने मला खरोखर त्रास दिला तो वेगळाच आहे. स्वयंपाकघरातून आलेलं काहीही कोंबडीला घालायचं नाही. पोळीचा तुकडा नाही, भाताची चार शितं नाहीत, कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा नाहीत. 2001 मध्ये उकळून न घेतलेलं उष्टं-खरकटं डुकरांना घातल्यामुळे लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली, लाखो जनावरं मारावी लागली, तेव्हापासून हे कडक झालं. कारण समजतं. तरी ताटातलं उरलेलं कोंबडीपुढे न टाकता डब्यात टाकायचं म्हणजे माझा हात अडखळणार. बागेतला पालक स्वयंपाकघरात न आणता थेट तोडून घातला तर चालतो, म्हणून आवाराला लागूनच पालकाचा वाफा केला आहे.

आणि ज्या कायद्याचं मला मनापासून कौतुक वाटलं तोही सांगते. आमच्या घराच्या जुन्या खरेदीखतात कोंबड्या पाळू नयेत असं कलम निघालं. मी हिरमुसले. मग कळलं की 1950 च्या एका कायद्याने अशी कलमं कोंबड्या आणि सशांपुरती निष्प्रभ केली आहेत. धंदा करायचा नाही, शेजाऱ्यांना उपद्रव द्यायचा नाही, आणि कोंबडा त्यात बसत नाही, बस्स. युद्धानंतरच्या टंचाईत, अंडी रेशनवर असताना, सामान्य माणसाला परसात चार कोंबड्या ठेवता याव्यात असं संसदेला वाटलं आणि तो हक्क आजही माझ्यासारख्या परदेशातून आलेल्या बाईला तितकाच लागू आहे.

घर उभं राहिलंय, आजोबांनी सगळ्या कड्या स्वतः ओढून पाहिल्या. एका कोपऱ्यात जाळी आणि चौकट यांच्यामध्ये त्यांची करंगळी गेली, तिथे आणखी एक पट्टी मारली. कोंबड्या शनिवारी येतील. पहिले काही दिवस त्यांना आवाराबाहेर अजिबात सोडायचं नाही, घर कुठलं ते त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत संध्याकाळी हातानेच दांडीवर बसवायचं, आणि आपोआप बंद होणाऱ्या दारावर तोवर विसंबायचं नाही, असं आजोबांनी बजावलंय. त्या दिवसांपुरती मी ऑफिसातून लवकर निघायची परवानगी घेतली आहे.