ओल्ड वाइन का ओल्ड व्हाइन?

परवा मावसभाऊ दुबईवरनं आला, गोव्याला उतरून चोर्ला घाटातनं बेळगावला, आणि बॅगेतनं बाटली काढून म्हणतो, "दादा, एकदम जुनी वाइन आणलोय तुला." मी लेबल बघितलं तर ओल्ड व्हाइन शिराझ (ही द्राक्षाची जात), साउथ ऑस्ट्रेलियातली बरोसा व्हॅली, साल 2021. आता 2021 ची वाइन जुनी कुठनं व्हायची? आपल्या तोंडात वाइन आणि व्हाइन (म्हणजे द्राक्षाची वेल) एकच ना, त्यामुळं सगळा घोळ. म्हणजे जुनं काय आहे तर वेल, आतला माल नव्हे, आणि ते साल म्हणजे द्राक्षं तोडली ते साल, वेल लावली ते नाही.

रविवारी ती बाटली आणि भावाला घेऊन अथणी तालुक्यात गावी गेलो. आमचे आप्पा (चुलते) माळकरी, थेंब घेत नाहीत, खरं आयुष्य द्राक्षबागेत गेलंय. लेबलवर वेलीचं जाडजूड वाकडंतिकडं खोड छापलेलं, ते चष्मा लावून बघितले आणि म्हणाले, "म्हाताऱ्या बागेचं काय कौतुक रे? आपण तर चौदा वर्षांत उपटून टाकली की."

बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडं ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) मधी मधी गॅप पडायला लागले, डोळे फुटेनात, खोडकिडा लागला, माल कमी यायला लागला की बाग संपली, कारण बेदाणा वजनावर जातो, वेलीचं वय कोण विचारतंय तासगावला? तिकडं वाइनवाल्यांचं उलटं. म्हातारी वेल घड कमी धरते, मुळं खोल गेलेली असतात, त्यामुळं एखाद्या वर्षी पाऊस कमीजास्त झाला तरी ती लगेच गडबडत नाही, आणि कमी घडांत चव दाट उतरते असं ते लोक मानतात आणि बाटलीला जास्त पैसे मोजतात. मला विचाराल तर सगळं क्रेडिट वयाला देऊ नका. ज्या बागा भिकार होत्या त्या कधीच निघाल्या, चांगल्या जागेवरच्या तेवढ्याच म्हाताऱ्या झाल्या. साउथ ऑस्ट्रेलियात तर 1980 च्या दशकात वाइनला उठाव नाही म्हणून सरकारनं बागा उपटायला शेतकऱ्यांना पैसे दिले होते! आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बघ, तिकडंबी सरकार असलंच."

मुद्दा असा की लेबलवर नुसतं ओल्ड व्हाइन, फ्रेंचमधी व्हिएय व्हीन्य, जर्मनमधी आल्टे रेबेन लिहिलं असंल तर त्यातनं वय कळत नाही. बहुतेक देशांत कायद्यानं आकडाच ठरलेला नाही, कोण पंचवीस वर्षांच्या वेलीला जुनी म्हणतो, कोण ऐंशीच्या. आकडा पाहिजे असंल तर बरोसावाल्यांची 2009 ची सनद बघा : 35 वर्षांपुढं ओल्ड, 70 पुढं सर्व्हायव्हर, 100 पुढं सेंटेनेरियन, 125 पुढं अँसेस्टर. ह्या सनदेप्रमाणं धरलं तर आमची बाटली सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हातारी म्हणण्यापेक्षा प्रौढ म्हणा. साउथ आफ्रिकेचं अजून चोख, तिथं ओल्ड व्हाइन प्रोजेक्टचा शिक्का असलेल्या बाटलीवर बाग लावल्याचं सालच छापतात, अट 35 वर्षांचीच. आणि 2024 मधी ओआयव्ही ह्या द्राक्ष-वाइनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनंबी 35 चाच आकडा धरला, बाग जुनी म्हणायला त्यातल्या 85 टक्के वेली तेवढ्या वयाच्या पाहिजेत.

त्यात एक अट आपल्या लोकांना लगेच कळंल अशी आहे. कलम केलेली वेल असंल तर खुंट (खालचा मुळाचा भाग) आणि वरची काडी यांचा जोड पस्तीस वर्षं तसाच पाहिजे. आपल्याकडं डॉगरिजच्या जुन्या खुंटावर थॉमसन कापून दुसरी व्हरायटी चढवतात ना, तसलं चालत नाही, मुळं कितीबी जुनी असू देत.

कलमाचंच निघालंय तर सांगतो, बोलिंजर म्हणून शॅम्पेनवाले आहेत, त्यांच्या एका बाटलीवर व्हिएय व्हीन्य फ्रांसेझ लिहिलेलं असतंय. बघणाऱ्याला वाटतंय वेली म्हाताऱ्या, खरं तिथं सांगायचं ते म्हणजे कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळावरच्या वेली. 1860 च्या दशकापासनं फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा साफ केल्या, तेव्हापासनं तिकडं अमेरिकन खुंटावर कलम करतात, बिनकलमी वेली फार थोड्या राहिल्या. साउथ ऑस्ट्रेलियात ती कीड पोचलीच नाही, म्हणून तर बरोसात 1843 ला लावलेल्या शिराझच्या वेली अजून घड देतात.

एवढं सगळं ऐकून आप्पांनी ग्लासातल्या वाइनचा नुसता वास घेतला, काहीच बोलले नाहीत. मग बाटली परत उचलली, लेबलवरच्या त्या खोडावर बोट ठेवलं आणि भावाला म्हणाले, "हे बघ, हितं भोक दिसतंय. खोडकिडा असणार. औषध सोडायला सांग त्यांना, नाहीतर जातीय बघ वेल."